मायकेल फॅरडे व प्लॅटिनमची पट्टी

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचीत असतां त्यांच्या मोठ्या पराक्रमांकडेच आपलें लक्ष सहज जातें. सेनापतीनें जिंकलेली लढाई, कवीचें गाजलेलें काव्य, शास्त्रज्ञाचा जगभर उपयोगांत आलेला शोध, एवढें आपण ध्यानांत ठेवतों. परंतु ज्या मनोवृत्तीमुळें हे पराक्रम घडले, ती पुष्कळदां एखाद्या लहानशा व विस्मृत प्रसंगांत अधिक स्वच्छ दिसते. मायकेल फॅरडे याचें नांव आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. चुंबक व तारेचें वेटोळें यांच्या साहाय्यानें वीज उत्पन्न करतां येते हें त्यानें दाखविलें, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतही येते. आज आम्ही त्याच्या आयुष्याची हकीकत सांगतांना त्याच्या दुसऱ्या एका, कमी प्रसिद्ध अशा कामाकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. धातूच्या पृष्ठभागावर वायूंचे सूक्ष्म कण कसे चिकटून बसतात व त्यामुळें काय घडतें, याचा तो शोध होय.

इ. स. १८०० हें वर्ष शास्त्राच्या इतिहासांत संस्मरणीय आहे. त्या वर्षीं इटलींतील व्होल्टा यानें दोन धातूंच्या चकत्या, मधून मधून मिठाच्या पाण्यांत भिजविलेले तुकडे घालून, एकावर एक रचल्या व अखंड विद्युत्प्रवाह देणारा आपला स्तंभ जगापुढें मांडला. त्याच वर्षीं इंग्लंडांत विल्यम हर्षेल या ज्योतिःशास्त्रज्ञानें सूर्यप्रकाश लोलकांतून नेऊन, त्याच्या वर्णपटांत निरनिराळ्या ठिकाणीं उष्णतामापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्याही पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं, तेथें पारा अधिक चढतो असें त्यास आढळलें. या अदृश्य किरणांस आपण आज अवरक्त किरण म्हणतों. हे दोन्ही शोध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या एकाच वर्षाच्या ग्रंथांत छापले गेले. परंतु त्यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध येईल असें त्या वेळीं कोणाच्याही मनांत आलें नसेल. ते दोन प्रवाह पुढें कोठें मिळाले हें आम्ही शेवटीं सांगूं. त्या वेळीं त्याच लंडन शहरांत एका आजारी लोहाराचा आठनऊ वर्षांचा मुलगा गल्लींत गोट्या खेळण्याच्या वयाचा होता. तोच आपला चरित्रनायक होय.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनच्या दक्षिणेस न्यूइंग्टन बट्स येथें झाला. त्याचा बाप जेम्स हा उत्तरेकडील वेस्टमोर्लंड परगण्यांतून पोटासाठीं राजधानींत आला होता. भट्टीवरचें काम अंगमेहनतीचें, आणि बापाची प्रकृति तर नेहमीं बिघडलेली. त्यामुळें घरांत दारिद्र्य कायमचें ठाण मांडून बसलें होतें. १८०१ सालीं धान्य अतिशय महागलें, तेव्हां मायकेलच्या वांट्यास आठवड्याची एक पाव रोटी येई व ती त्यास सात दिवस पुरवावी लागे. वाचन, लेखन व थोडेंबहुत अंकगणित याहून अधिक शिक्षण त्यास मिळालें नाहीं. उच्च गणित तर त्यास जन्मभर आलें नाहीं. आईबाप सँडेमनियन नांवाच्या एका लहानशा ख्रिस्ती पंथाचे होते. साधी राहणी, धनसंचयाविषयीं अनास्था व सत्यकथन या त्या पंथाच्या शिकवणुकीचा ठसा मुलाच्या मनावर खोल उमटला व तो अखेरपर्यंत पुसला गेला नाहीं.

तेराव्या वर्षीं मायकेल रीबो नांवाच्या पुस्तकविक्रेत्याकडे वर्तमानपत्रें पोंचविणारा पोऱ्या म्हणून लागला. पुढल्या वर्षीं त्याच मालकापाशीं पुस्तकबांधणीचें काम शिकण्यासाठीं त्यानें सात वर्षांचा करार केला. बांधणीस येणारीं पुस्तकें इतर पोरें बाहेरून पाहत. हा त्यांच्या आंत शिरला. एका ज्ञानकोशांतील विजेवरचा लेख व जेन मार्सेट या विदुषीनें संवादरूपानें लिहिलेलें रसायनशास्त्राचें पुस्तक, या दोहोंनीं त्याच्या आयुष्याची दिशा ठरविली. मात्र वाचलेलें खरें मानून स्वस्थ बसणें त्याच्या स्वभावांत नव्हतें. खिशांतल्या पैशांत जेवढें साहित्य येई तेवढें आणून तो प्रत्येक गोष्ट स्वतः करून पाही. संध्याकाळीं टेटम नांवाच्या गृहस्थाचीं शास्त्रीय व्याख्यानें होत. त्यांची फी प्रत्येक वेळीं एक शिलिंग असे. वडील भाऊ रॉबर्ट आपल्या लोहारकामाच्या मिळकतींतून ती देई. ज्या भावाचें नांव शास्त्राच्या इतिहासांत कोठें येत नाहीं, त्याच्या त्या शिलिंगांचें ऋण जगावर आहे असें आम्हांस वाटतें.

१८१२ सालीं दुकानाच्या एका गिऱ्हाइकानें त्यास रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेंतील सर हंफ्रे डेव्ही यांच्या चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. डेव्ही हे त्या काळचे अत्यंत विख्यात रसायनशास्त्रज्ञ. मायकेलनें सज्जांत बसून टिपणें घेतलीं, घरीं तीं सविस्तर लिहून काढलीं, आकृति काढल्या, आणि सुमारें तीनशें पानांचें तें हस्तलिखित स्वतःच्या हातानें बांधून डेव्हीसाहेबांकडे पाठविलें. सोबत नोकरीची विनंति होती. जागा रिकामी नव्हती. परंतु थोड्याच महिन्यांत ती झाली, आणि १ मार्च १८१३ रोजीं फॅरडे आठवड्यास पंचवीस शिलिंग व माडीवरील दोन खोल्या एवढ्या वेतनावर प्रयोगशाळेचा साहाय्यक झाला. बाटल्या धुण्याचें काम त्यांत होतेंच. त्यानें त्यांत कमीपणा मानला नाहीं.

त्याच वर्षाच्या शरदृतूंत डेव्हीबरोबर तो युरोपच्या प्रवासास निघाला. दीड वर्षाच्या त्या प्रवासांत त्यास अँपियर व वृद्ध व्होल्टा यांचें दर्शन घडलें. परंतु त्याच प्रवासांत त्यास डेव्हीच्या खासगी नोकराचेंही काम करावें लागलें, व डेव्हीच्या पत्नीनें त्यास नोकरासारखेंच वागविलें. ही गुरुशिष्यांची कथा सर्वस्वीं गोड नाहीं. १८२१ सालीं फॅरडेनें विद्युत्प्रवाह वाहणारी तार चुंबकाभोंवतीं सतत फिरत ठेवून दाखविली. विजेच्या मोटारीचें बीज या प्रयोगांत आहे. परंतु त्यानें वुलस्टन या शास्त्रज्ञाची कल्पना उचलली असा प्रवाद उठला. १८२४ सालीं रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठीं त्याचें नांव आलें, तेव्हां अध्यक्षपदीं असलेल्या डेव्हीनींच त्यास विरोध केला. तरीही फॅरडे निवडून आला. विरुद्ध मत फक्त एकच पडलें. यानंतरही फॅरडेनें डेव्हीविषयीं कृतज्ञतेनेंच बोलावें व लिहावें, हा त्याच्या मनाचा मोठेपणा होय.

१८२५ सालीं तो प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. त्याच वर्षीं त्यानें बेंझीन हा द्रव प्रथम वेगळा काढला. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं विद्युच्चुंबकीय प्रवर्तनाचा त्याचा जगद्विख्यात प्रयोग यशस्वी झाला. व्यापारी लोकांस रासायनिक तपासण्या करून देऊन या सुमारास त्यास पुष्कळ द्रव्य मिळवितां आलें असतें. त्यानें त्या कामास जवळ जवळ रजा दिली व मिळणारा वेळ संशोधनाकडे लावला.

आतां आम्ही त्या पट्टीच्या गोष्टीकडे येतों. १८३२ ते १८३४ या काळांत विजेच्या योगानें पदार्थांचें विघटन कसें होतें याचा फॅरडे अभ्यास करीत होता. पाण्यांत थोडें आम्ल घालून त्यांत प्लॅटिनमच्या दोन पट्ट्या बुडविल्या व त्या विद्युत्‌घटास जोडल्या म्हणजे एकीवर प्राणवायु व दुसरीवर हायड्रोजन यांचे बुडबुडे येतात, हा प्रयोग आपण शाळेंत पाहतों. जितकी वीज जाईल तितक्याच प्रमाणांत वायु निघतो. पट्ट्या लहान असोत वा मोठ्या, आम्ल तीव्र असो वा सौम्य, प्रमाण बदलत नाहीं, असें त्यानें सिद्ध केलें. तसेंच, जेवढ्या विजेनें १ ग्रॅम हायड्रोजन सुटतो तेवढ्याच विजेनें ८ ग्रॅम प्राणवायु सुटतो व सुमारें १०८ ग्रॅम चांदी जमते, अशा प्रकारचा दुसरा नियमही त्यानें बसविला. या नव्या विद्येस नवे शब्द हवे होते. केंब्रिजच्या ह्यूएल या पंडिताचा सल्ला घेऊन त्यानें ते रूढ केले. अ‍ॅनोड, कॅथोड व आयन हे शब्द तेव्हांपासून चालत आले आहेत. मराठींत पहिल्या दोघांस आपण धनाग्र व ऋणाग्र म्हणतों.

विजेचें माप वायूच्या मापानें घ्यावयाचें, तर वायु नळींत जसाचा तसा राहिला पाहिजे. येथेंच अडचण उभी राहिली. प्रवाह बंद केल्यावर नळींत सांठलेले दोन्ही वायु तसेच ठेवले असतां हळूहळू कमी होऊं लागले. नळी फुटकी नव्हती. वायु जात कोठें होते? दुसऱ्या एखाद्यानें उपकरणाची रचना थोडी बदलून आपलें मुख्य काम पुढें चालविलें असतें. फॅरडेनें हातचें काम थांबविलें व या चोराचा माग काढावयाचें ठरविलें.

त्यास असें दिसलें कीं, दोन्ही वायु एकमेकांशीं संयोग पावून त्यांचें पुन्हां पाणी होत होतें, आणि हें घडवून आणणारी वस्तु म्हणजे प्लॅटिनमची पट्टी. प्लॅटिनमच्या अंगीं असा कांहीं गुण आहे हें सर्वस्वीं नवीन नव्हतें. डेव्ही यानें व जर्मनींतील डोबरायनर यानें त्याचे प्रकार पाहिले होते. परंतु कारण अज्ञात होतें. फॅरडेनें धनाग्राची पट्टी व ऋणाग्राची पट्टी निरनिराळ्या नळ्यांत वायूंच्या मिश्रणांत ठेवल्या. धनाग्राच्या पट्टीनें वायु झपाट्यानें नाहींसे झाले. ऋणाग्राची पट्टी बहुतेक स्वस्थ बसली. मग विजेनें धनाग्रास कांहीं विशेष शक्ति दिली काय? येथें घाईनें होय म्हणणारे पुष्कळ निघाले असते. फॅरडेनें पट्ट्या विजेशिवायच निरनिराळ्या रीतींनीं तयार करून पाहिल्या. कांहीं तीव्र आम्लांत तापविल्या, कांहीं क्षारानें धुतल्या, कांहीं नुसत्या घांसून काढल्या. त्याही तितक्याच उत्तम काम करूं लागल्या! उलट, सज्ज झालेली पट्टी कांहीं काळ उघड्या हवेंत पडून राहिली कीं तिचा गुण ओसरे. यावरून त्यानें निर्णय केला कीं, विजेचें कार्य एवढेंच कीं तिनें पट्टी अत्यंत स्वच्छ केली. डोळ्यांस न दिसणारा मळाचा थर निघून गेला म्हणजे धातूचा पृष्ठभाग वायूंस आपल्याकडे ओढून घेतो, तेथें ते दाट जमतात, एकमेकांच्या अगदीं निकट येतात व त्यांचा संयोग होतो.

हा निबंध १८३४ च्या जानेवारींत रॉयल सोसायटीपुढें वाचला गेला. त्यांत आणखी एक निरीक्षण आहे. वायूंच्या मिश्रणांत कार्बन मोनॉक्साइड किंवा एथिलीन यांचा थोडासा भाग असला, तर पट्टीचें काम मंदावतें किंवा थांबतें असें त्यास आढळलें. हे परके वायु पृष्ठभागावर नेमकें काय करतात हें पाहण्याचें साधन त्याच्यापाशीं नव्हतें. नळींतील पाण्याची पातळी किती चढली यावरूनच त्यास सर्व अनुमान करावयाचें होतें. एक अणु जाडीच्या थराविषयींचे तर्क त्यानें वीतभर कांचेच्या नळीवरून केले, हें ध्यानांत आणलें म्हणजे त्याच्या बुद्धीचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं.

विद्युद्भार धातूवर कोठें असतो याचाही छडा त्यानें लावला. १८३६ सालीं त्यानें बारा फूट लांब, रुंद व उंच असा एक मोठा पिंजरा तयार केला, तो तारा व धातूचा पत्रा यांनीं मढविला, आणि स्वतः नाजूक विद्युद्दर्शक घेऊन आंत बसला. बाहेरून पिंजऱ्यास इतका भार दिला कीं त्याच्या कोपऱ्यांतून ठिणग्या उडूं लागल्या; परंतु आंत विजेचा लवलेशही आढळला नाहीं. भार सर्व बाह्य पृष्ठभागावरच राहतो. विमानावर वीज कोसळली तरी आंतील उतारू सुरक्षित राहतात याचें कारण हेंच.

इतक्या श्रमांचा परिणाम झाल्यावांचून राहिला नाहीं. १८४० च्या सुमारास त्याची प्रकृति ढासळली. डोकें दुखे, भोंवळ येई, आणि स्मरणशक्ति दगा देऊं लागली. ज्याचें सर्व आयुष्य निरीक्षणावर उभें, त्यास कालचें निरीक्षण आज आठवूं नये, याहून मोठें संकट कोणतें? पत्नी सेरा हिनें या काळांत त्यास जपलें; त्यांस मूल नव्हतें. फॅरडेनें आपल्या विस्मृतीवर एक साधा उपाय योजला होता. प्रत्येक प्रयोग, फसलेला असो वा साधलेला, तो रोजनिशींत परिच्छेदांस अनुक्रमांक घालून लिही. हे क्रमांक सोळा हजारांवर गेले आहेत. विश्रांतीनंतर तो पुन्हां उभा राहिला व १८४५ सालीं चुंबकाच्या प्रभावानें प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरते हें त्यानें दाखविलें. १८५७ सालीं सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यांत तरंगत ठेवून त्यांतून प्रकाश कसा जातो याचें त्यानें विवेचन केलें.

मानसन्मान त्याच्याकडे चालत आले. त्यानें बहुतेक दारांतूनच परत पाठविले. सर ही पदवी त्यानें नाकारली, रॉयल सोसायटीचें अध्यक्षपदही स्वीकारलें नाहीं. मुलांसाठीं नाताळांत द्यावयाचीं व्याख्यानें मात्र त्यानें एकोणीस वर्षें दिलीं. त्यांपैकीं मेणबत्तीवरचीं व्याख्यानें अद्यापि वाचलीं जातात.

१२ मार्च १८६२ रोजीं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, त्यानें वर्णपटदर्शक यंत्र घेऊन एक प्रयोग केला. ज्योतीस प्रबळ चुंबकाजवळ ठेवलें तर तिच्या वर्णपटांतील रेषा हलतात काय, हें त्यास पाहावयाचें होतें. कांहींच दिसलें नाहीं. त्यानें तें तसेंच लिहून ठेवलें. त्याचा हा शेवटचा महत्त्वाचा प्रयोग म्हणतां येईल. राणी व्हिक्टोरियानें राहावयास दिलेल्या हँप्टन कोर्ट येथील घरीं २५ ऑगस्ट १८६७ रोजीं तो निवर्तला व हायगेट येथील स्मशानभूमींत त्यास साधेपणानें मूठमाती देण्यांत आली.

परंतु शास्त्रज्ञाचें चरित्र त्याच्या मृत्यूबरोबर संपत नाहीं. फॅरडेचा तो फसलेला प्रयोग हॉलंडांतील झीमन यानें १८९६ सालीं अधिक सूक्ष्म उपकरणांनीं पुन्हां केला, आणि रेषा रुंदावल्याचें त्यास दिसलें. १९१३ सालीं जर्मनींतील श्टार्क यानें विद्युत्क्षेत्रानेंही वर्णपटाच्या रेषा दुभंगतात हें दाखविलें. इकडे अवरक्त किरणांच्या अभ्यासानें एक नवी विद्या उदयास आली. रेणूंतील परमाणु जणूं स्प्रिंगेनें जोडलेले असून सतत कंप पावतात, व प्रत्येक बंध आपल्या कंपनाशीं जुळणारे अवरक्त किरणच शोषून घेतो. कोणते किरण गळाले हें पाहिलें कीं रेणु ओळखतां येतो. मोकळा कार्बन मोनॉक्साइड एका सेंटिमीटरांत २१४३ लहरी बसतील असे किरण शोषतो. प्लॅटिनमवर चिकटला म्हणजे हा आंकडा सुमारें २०५० ते २०८० वर उतरतो.

पाण्यांत बुडालेल्या व विजेनें भारलेल्या पट्टीवर हें पाहणें मात्र फार कठीण होतें, कारण पाणी स्वतःच हे किरण गट्ट करतें. त्यावर तोड अशी निघाली कीं, पट्टी खिडकीशीं भिडवून मध्यें मिलिमीटरच्या कांहीं हजारांश एवढाच पाण्याचा पापुद्रा ठेवावयाचा, किरण पट्टीवरून परावर्तित करावयाचे, आणि पट्टीचा विद्युद्दाब दोन निराळ्या मूल्यांवर ठेवून घेतलेल्या दोन वर्णपटांची वजाबाकी करावयाची. जें बदललें नाहीं तें पाणी वजा होतें. जें बदललें तें पृष्ठभागावरचें उरतें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टन विद्यापीठांत ब्यूइक व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९८० च्या सुमारास हा मार्ग घालून दिला. दुसरी युक्ति फॅरडेच्या पिंजऱ्याची आठवण करून देते. धातूच्या पृष्ठभागावरील भार मोकळेपणीं हलूं शकतात, म्हणून पृष्ठभागाशीं समांतर असलेलें प्रकाशाचें विद्युत्कंपन ते तेथेंच मारून टाकतात. लंब दिशेचें तेवढें शिल्लक राहतें. त्यामुळें धातूवर बसलेला रेणु व पाण्यांत तरंगणारा रेणु यांची निवड करतां येते.

या रीतीनें पाहतां असें दिसलें कीं, पट्टीचा विद्युद्दाब एक व्होल्टनें वाढविला तर तिच्यावर बसलेल्या कार्बन मोनॉक्साइडचा आंकडा सुमारें तीसनें वर सरकतो. पृष्ठभागालगत एका मीटरास शंभर कोटी व्होल्ट या मानाचें विद्युत्क्षेत्र असतें, व तें रेणूच्या कंपनास ताणतें किंवा सैल करतें. श्टार्कच्या शोधाचेंच हें एक भावंड होय. व्होल्टाचा स्तंभ आणि हर्षेलचे अदृश्य किरण, एकाच ग्रंथांत शेजारीं छापलेले, सुमारें एकशें ऐंशीं वर्षांनीं असे त्या पट्टीवर एकत्र आले.

यांत केवळ कुतूहल नाहीं. हायड्रोजन व प्राणवायु यांच्या संयोगापासून वीज देणारे इंधनघट आज वाहनांत बसविले जातात व त्यांत प्लॅटिनमच वापरतात. हायड्रोजनमध्यें दहा लाखांत दहावीस भाग कार्बन मोनॉक्साइड असला तरी प्लॅटिनम गुदमरतें. फॅरडेनें नळींतील पाण्याच्या पातळीवरून जें ताडलें, त्याचाच हा प्रत्यय. कोणता रेणु जागा अडवून बसला आहे व तो केव्हां उठतो, हें आतां अवरक्त किरण सांगतात, आणि त्यावरून अधिक चांगले मिश्रधातु शोधले जातात.

आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींनीं या चरित्रापासून काय घ्यावें? दारिद्र्यावर मात करण्याचा धडा त्यांत आहेच. परंतु आम्हांस त्याहून मोलाची वाटते ती नळींतून वायु कमी होऊं लागल्यावर फॅरडेनें घेतलेली भूमिका. प्रयोगवहींत उत्तर जुळेना म्हणजे आंकडा पुस्तकाप्रमाणें दुरुस्त करून ठेवण्याचा मोह आपणांपैकीं पुष्कळांस होतो. फॅरडेनें तसें केलें असतें तर त्याचे विद्युद्विघटनाचे नियम तरीही गाजले असते, त्याचें नांव तरीही अमर झालें असतें, आणि कोणासही कांहीं कळलें नसतें. फक्त धातूच्या पृष्ठभागाची ती गोष्ट सांगावयाची राहून गेली असती. पुढल्या वेळीं वहींतला आंकडा चुकेल, तेव्हां रबर हातीं घेण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, एवढीच आमची विनंति आहे.